इंट आला कुठून?

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो की दोन कामं माझ्या नावावर असतात. अण्णांच्या मोबाइलमधले सुप्रभातचे फोटो पुसून जागा मोकळी करायची आणि पुतणीच्या शंका सोडवायच्या. गाव कराडच्या अलीकडे, घरी दोन म्हशी, दूध गावातल्या डेअरीला जातं. सकाळ-संध्याकाळ किती लिटर घातलं ते अण्णा एका लांबट वहीत लिहून ठेवतात. डेअरीच्या पावतीवर त्यांचा विश्वास आहे, पण वहीवर जास्त आहे. पुतणी अकरावीला. सीबीएसईच्या संगणकशास्त्रात पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा असते, आणि नवं हत्यार हातात आलं की माणूस दिसेल ते कापत सुटतो. तिनं आजोबांच्या वहीचा हिशेब पायथॉनमध्ये करायचा ठरवला.

तिचा कोड खाली देतो. लेख देवनागरीत छापायचा म्हणून पायथॉनचे ठरीव शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत. डेफ, रिटर्न, सम, प्रिंट हे सगळं संगणकावर रोमन लिपीतच टंकावं लागतं आणि कोडमधले आकडेही रोमनच लागतात. आपण ठेवलेली नावं मात्र खरोखरच देवनागरीत चालतात. पायथॉन ३ त्याला हरकत घेत नाही.

डेफ एकूण(लिटर):
    रिटर्न सम(लिटर)

नोंदी = इनपुट().स्प्लिट()
प्रिंट(एकूण(नोंदी))

तिनं वहीतून पाहून ‘५.५ ६ ५.५ ७’ असं टंकलं, एंटर दाबलं आणि पडद्यावर टाइपएरर उमटला. शेवटच्या ओळीचा अर्थ एवढाच होता: ‘इंट’ आणि ‘स्ट्र’ यांच्यामध्ये अधिकचं चिन्ह चालत नाही. इंट म्हणजे पूर्णांक, स्ट्र म्हणजे स्ट्रिंग, साधा मजकूर.

“काका, हे खोटं बोलतंय,” ती म्हणाली. “मी अधिकचं चिन्ह कुठे लिहिलंच नाहीये. आणि यात इंट आला कुठून?”

मला हा प्रश्न फार आवडला. बहुतेक जण एरर आला की तो लाल मजकूर न वाचताच कोडमध्ये इकडे-तिकडे ठोकाठोक सुरू करतात. हिनं तो वाचला होता आणि वर त्याच्याशी भांडत होती. भांडायला का होईना, वाचला पाहिजे.

तर इंट कुठून आला? सम हे फंक्शन बेरीज करायला बसतं तेव्हा हातात आधी एक शून्य घेतं. त्या शून्यात लिस्टमधली, म्हणजे स्प्लिटनं तिच्या ओळीचे तुकडे करून बनवलेल्या यादीतली, पहिली वस्तू मिळवायची, जे येईल त्यात दुसरी, मग तिसरी. अधिकचं चिन्ह तिच्या कोडमध्ये नसलं तरी समच्या पोटात आहे. इंट म्हणजे ते सुरुवातीचं शून्य. आणि स्ट्र म्हणजे तिची पहिली नोंद, ‘५.५’. तिला ती साडेपाच लिटर वाटत होती. पायथॉनच्या लेखी ते पाच, टिंब आणि पाच अशा तीन अक्षरांचं एक चिटोरं होतं. शून्यात चिटोरं कसं मिळवायचं, एवढंच तो विचारत होता.

“पण मी तर आकडेच टंकले ना?”

टंकताना आपण फक्त कळा दाबतो. पायथॉन ३ मध्ये इनपुट जे काही हाती देतं ते नेहमी स्ट्रिंगच असतं, मग तुम्ही आकडा टंका की अभंग टंका. पूर्वी असं नव्हतं. पायथॉन २ मध्ये इनपुट टंकलेल्या मजकुराचा कोड म्हणूनच अर्थ लावायचं. ५ टंकलं तर पूर्णांक पाच मिळायचा. सोयीचं वाटतं खरं, पण समोरच्या माणसानं आकड्याऐवजी एखादी आज्ञा टंकली तर तीही चालवली जायची. घराची किल्ली दूधवाल्याकडे द्यावी तसला प्रकार. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आलं तेव्हा ही खोड मोडली. इनपुट मजकूर देईल, त्याचा आकडा करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. नवशिक्यांच्या लिस्टमधले निम्मेअधिक टाइपएरर या एका व्यवस्थेतून येतात असा माझा अनुभव आहे, आणि तरीही ती व्यवस्था मला बरोबर वाटते.

पायथॉन टाइपच्या बाबतीत ढिला आहे असं लोक म्हणतात, कारण व्हेरिएबल करताना त्यात काय ठेवणार हे आधी सांगावं लागत नाही. पण ढिलाई तिथेच संपते. जावास्क्रिप्टमध्ये मजकुरातला ‘१’ आणि पूर्णांक २ यांची बेरीज केली तर ते मुकाट्यानं ‘१२’ असा मजकूर हातावर ठेवतं. पायथॉन असले अंदाज बांधत नाही. तुम्हाला तीन हवे होते की बारा, हे त्याला माहीत नाही, आणि माहीत नसताना तो पुढे जात नाही, थांबतो. तोच तो टाइपएरर.

आता दुरुस्ती. तिनं पहिल्यांदा जे केलं ते सगळेच करतात: अख्खी लिस्ट उचलून इंटच्या कंसात घातली. इंट(नोंदी). पुन्हा टाइपएरर. इंटला एक मजकूर किंवा एक आकडा हवा असतो, तिनं पिशवीच पुढे केली होती. पिशवीतली एकेक वस्तू काढून बदलायला हवी हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं इंट(नोंद) फॉर नोंद इन नोंदी अशी चौकोनी कंसातली एकोळी लिस्ट लिहिली. या वेळी एरर आला तो व्हॅल्यूएरर.

हे दोन वेगळे आहेत, आणि फरक कळला की अर्धं काम होतं. टाइपएरर म्हणजे वस्तूचा प्रकारच चुकला. पिशवी दिली, चिटोरं हवं होतं. व्हॅल्यूएरर म्हणजे प्रकार बरोबर, पण आतला ऐवज पटत नाही. ‘५.५’ हा मजकूर आहे, इंटला मजकूर चालतो, पण त्यातून पूर्णांक निघत नाही. म्हणजे एरर बदलला ही प्रगतीच होती, हे तिला पटवायला मला जरा वेळ लागला. दूध साडेपाच लिटर असतं, तेव्हा इथे इंटऐवजी फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, लागणार.

लिटर = [फ्लोट(नोंद) फॉर नोंद इन नोंदी]
प्रिंट(एकूण(लिटर))

उत्तर आलं: २४.०. इथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. कोडमध्ये देवनागरी आकडे चालत नाहीत, पण मजकूर म्हणून दिले तर फ्लोट आणि इंट दोघांनाही ते कळतात. तिनं मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून ‘५.५’ असा खरा देवनागरी आकडा टंकून दिला तरी साडेपाचच मिळाले.

या दुरुस्तीत ती नवी ओळ मी एकूण या फंक्शनच्या आत लिहू दिली नाही, आणि त्यावरून आमचं थोडं वाजलं. तिचं म्हणणं, एरर फंक्शनमध्ये येतोय तर तिथेच फ्लोट लावू. माझं म्हणणं, पायात काटा मोडला की कळ पायात येते, पण काटा रस्त्यात असतो. एररची ओळ ही कळ आलेली जागा. चुकीचा प्रकार लिस्टमध्ये शिरला तो वर, इनपुटच्या ओळीत. तिथे दारातच त्याला बदललं की पुढची सगळी फंक्शनं निर्धास्त राहतात. नाहीतर एकूणमध्ये फ्लोट, सरासरीत फ्लोट, सगळ्यात मोठा आकडा शोधताना पुन्हा फ्लोट, आणि एके दिवशी कुठेतरी राहून जाणार.

पायथॉन तुम्हाला कुठून कुठे आलो ते सांगतोही. एररच्या वरच्या ओळींना ट्रेसबॅक म्हणतात. त्यात कोणत्या ओळीनं कोणतं फंक्शन बोलावलं याची साखळी असते, सर्वांत ताजी घटना सर्वांत खाली. म्हणून वाचायचं खालून वर. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ३.११ या आवृत्तीपासून तर ओळीतल्या नेमक्या तुकड्याखाली छोटी टोकदार चिन्हंही येतात. शाळेच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर ही चिन्हं दिसणार नाहीत, आणि काही एररची भाषाही थोडी निराळी दिसेल.

लिस्टमध्ये काय शिरलंय ते पाहायची सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे ती अख्खी प्रिंट करणं. एकटी स्ट्रिंग प्रिंट केली तर अवतरणचिन्हं दिसत नाहीत, ५.५ असंच दिसतं आणि आपण फसतो. पण लिस्ट प्रिंट केली की आतल्या प्रत्येक स्ट्रिंगभोवती अवतरणचिन्हं उभी राहतात. अवतरण दिसलं की समजायचं, हा आकड्याच्या वेषातला मजकूर आहे.

दुसऱ्या दिवशी तिला महिन्याचं सर्वांत कमी दूध काढायचं होतं. लिस्ट लहानापासून मोठ्याकडे लावायची आणि पहिला आकडा घ्यायचा, असा तिचा बेत. (मिन हे फंक्शन आहे हे मी मुद्दाम सांगितलं नाही.)

लिटर = लिटर.सॉर्ट()
प्रिंट(लिटर[०])

पुन्हा टाइपएरर: ‘ननटाइप’ या वस्तूतून कंसानं काही काढता येत नाही. ज्या लिस्टमध्ये साठ आकडे होते तिचं एकदम ‘नन’ झालं, म्हणजे काहीच नाही. सॉर्ट ही पद्धत हातातली लिस्टच जागच्या जागी लावते आणि परत काही देत नाही. देते ते नन. तिनं तो नन पुन्हा लिटर या नावाला बांधला आणि लावलेली लिस्ट हातातून गेली. हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. सॉर्टनं लिस्ट परत दिली असती तर लोकांना वाटलं असतं की मूळ लिस्ट जशीच्या तशी आहे आणि ही नवी प्रत मिळाली. प्रतच हवी असेल तर सॉर्टेड नावाचं वेगळं फंक्शन आहे, ते २००४ मध्ये २.४ या आवृत्तीत आलं. अपेंडचंही तेच: लिटर = लिटर.अपेंड(६) असं लिहिलंत की गेलात.

एररमध्ये ननटाइप हा शब्द दिसला की मी दोनच जागा पाहतो. एक ही. दुसरी, फंक्शनच्या शेवटी रिटर्नऐवजी प्रिंट लिहिलेलं असतं ती. प्रिंट माणसाला दाखवतं, रिटर्न कोडला देतं. उत्तर पडद्यावर दिसत असल्यामुळे फंक्शन चालतंय असं वाटतं, आणि कुणी त्या उत्तरात दोन मिळवायला गेलं की हातात नन.

मग लूप. ‘फॉर नोंद इन लिटर’ असं लिहून आत तिनं लिटर[नोंद] असं केलं होतं. लूपमध्ये नोंद म्हणजे साक्षात दुधाचा आकडा येतो, त्याचा क्रमांक येत नाही, हे अजून पक्कं बसलं नव्हतं. लिटर[५.५] म्हणजे साडेपाचाव्या खुर्चीवर कोण बसलंय असं विचारणं. पायथॉन म्हणाला, लिस्टचा क्रमांक पूर्णांक हवा, फ्लोट नको. मी तिला म्हटलं, तुझं नशीब चांगलं म्हणून दूध साडेपाच लिटर होतं. सगळे आकडे पूर्णांक असते तर लिटर[५] नं गुपचूप सहावी नोंद काढून दिली असती (मोजणी शून्यापासून असते) आणि बेरीज सरळ चुकली असती, एररचं नावही न निघता.

हाच एरर मधली नोंद काढतानाही येतो. साठ नोंदींचे दोन भाग केले की माणसाला तीस मिळतात, पण पायथॉन ३ मध्ये साध्या भागाकाराचं उत्तर ३०.० असतं, आणि ते फ्लोट. तिथे दोन तिरप्या रेघांचा भागाकार वापरायचा, तो पूर्णांक देतो.

तिच्या शाळेच्या वहीत आणखी एक नमुना सापडला. लिस्टचं नाव तिनं रोमन लिपीत लिस्ट असंच ठेवलं होतं, आणि थोडं खाली लिस्ट(...) असं लिहून दुसरी लिस्ट करू पाहत होती. एरर असा की लिस्ट ही बोलावता येण्यासारखी गोष्ट नाही. नाव चोरलं की मूळ मालक बेपत्ता होतो, आणि तेच सेशन सुरू असेपर्यंत बेपत्ता राहतो. ‘सम’ला एकूण बेरजेचं नाव म्हणून वापरणारेही पुष्कळ. इथे मराठी नावांचा एक अनपेक्षित फायदा आहे: ‘नोंदी’ किंवा ‘एकूण’ असं देवनागरीत लिहिलं तर पायथॉनच्या कुठल्याच शब्दाशी टक्कर होऊ शकत नाही. तरी नोकरीच्या ठिकाणी असं लिहू नका. तिथल्या सगळ्यांना मराठी येत नसतं.

आत्तापर्यंतचे सगळे एरर मला मित्रासारखे वाटतात. रागीट, पण तोंडावर बोलणारे. झोप उडवतात ते न येणारे एरर.

तिच्या पहिल्या कोडमध्ये, जिथे नोंदी अजून स्ट्रिंगच होत्या, मी सम काढून सगळ्यात मोठा आकडा शोधणारं मॅक्स लिहिलं आणि ‘९.५ १०’ असं टंकलं. उत्तर ‘९.५’. एरर नाही, तक्रार नाही. दोन्ही मजकूर आहेत, तेव्हा तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून झाली, आणि नऊ हे अक्षर एकच्या नंतर येतं. दहा लिटर हरले. मग म्हटलं, समजा पन्नास रुपये लिटरचा भाव आहे, सहा लिटरचं बिल काढ. ‘६’ गुणिले ५०. पडद्यावर सहाच्या पुढे सहा, असे पन्नास सहा. स्ट्रिंगला पूर्णांकानं गुणलं की ती तितक्या वेळा पुन्हा लिहिली जाते, ही पायथॉनमध्ये कायदेशीर गोष्ट आहे. भाव साडेअठ्ठेचाळीस असता तर टाइपएरर आला असता, कारण साडेअठ्ठेचाळीस वेळा काही लिहिता येत नाही. “एवढ्या पैशात आजोबा डेअरीच विकत घेतील,” पुतणी म्हणाली.

आणखी एक, जो मला स्वतःला एकदा दुपारभर पुरला होता. लिस्टमध्ये साध्या अधिकनं स्ट्रिंग जोडू गेलात तर पायथॉन अडवतो. पण नोंदी += ‘१२’ असं लिहिलंत तर अडवत नाही; स्ट्रिंग अक्षर-अक्षर सोडवून ‘१’ आणि ‘२’ अशा दोन वेगळ्या नोंदी घालतो. बारा लिटरचे झाले एक आणि दोन. एक वस्तू घालायची तर अपेंडच.

म्हणून टाइपएरर दाबून टाकण्याची सवय मला अजिबात खपत नाही. एरर झेलणारे ट्राय आणि एक्सेप्ट शिकल्यावर काही मुलं सगळा कोड त्यात गुंडाळतात आणि एक्सेप्टमध्ये पास, म्हणजे ‘काही करू नको’, असं लिहितात. एरर दिसेनासा होतो, चूक जागेवरच असते. फंक्शन काय घेतं आणि काय देतं हे सांगायचं असेल तर पायथॉन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, टाइप हिंट लिहिता येतात. लिटर ही फ्लोटची लिस्ट आहे असं फंक्शनच्या पहिल्याच ओळीत नोंदवायचं. पायथॉन चालताना त्याकडे ढुंकून पाहत नाही. स्ट्रिंगची लिस्ट दिलीत तरी तो रोखणार नाही. पण मायपाय नावाचं वेगळं साधन कोड चालवण्याआधी तो वाचतं आणि विसंगती दाखवतं. अकरावीला मायपायची गरज नाही, पण हिंट लिहिण्याची सवय बरी. लिहिताना आपोआप विचार होतो की या कंसात नेमकं काय येणार आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं आणखी एक पूर्ण महिना टंकायला घेतला आणि एकोणिसाव्या ओळीवर अडली. अण्णांनी तिथे आकड्याऐवजी ‘खाडा’ लिहिलं होतं. फ्लोट(‘खाडा’) नं अर्थातच व्हॅल्यूएरर दिला. तिनं अट घातली: खाडा आला तर त्या जागी नन ठेवायचा. मग समनं तक्रार केली, फ्लोट आणि ननटाइप यांची बेरीज होत नाही.

“शून्य ठेवते सरळ,” ती म्हणाली.

एकूण दुधासाठी शून्य चाललं असतं, बेरजेत काही फरक पडत नाही. पण खालच्याच ओळीत तिचं सरासरी काढायचं फंक्शन होतं, बेरजेला लेन(लिटर) नं, म्हणजे नोंदींच्या संख्येनं, भागणारं. तिथे शून्य ठेवलं तर तो दिवस मोजला जाणार आणि सरासरी खाली येणार. नन वगळला तर मोजला जाणार नाही. यातलं बरोबर कोणतं, हे पायथॉनला माहीत नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. तिनं ओसरीकडे तोंड करून विचारलं, “आजोबा, एकोणीस तारखेला म्हशींनी दूध दिलं नाही का?”

“दिलं की,” अण्णा तिथूनच म्हणाले. “घरी पाहुणे होते. सगळं बासुंदीत गेलं.”

तिनं शून्य खोडलं आणि सरासरीच्या फंक्शनमध्ये नन वगळणारी ओळ लिहायला घेतली.